अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात उरकू नयेत

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत आणि सहलींच्या जाहिरातींत एक ओळ हमखास येते: ‘अजिंठा-वेरूळ, एक दिवस’. आपल्या दैनिकाने ही ओळ छापू नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. त्या ओळीवर विसंबून शेकडो कुटुंबं आणि शाळा येतात आणि दोन्ही ठिकाणं न बघताच परततात.

आधी अंतरांचा हिशेब पाहू. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा ईशान्येला सुमारे १०० किलोमीटर आहे, तर वेरूळ वायव्येला सुमारे ३० किलोमीटर. दोन्हींचे रस्ते वेगळे. सकाळी सातला निघालेली गाडी फर्दापूरजवळच्या टी पॉइंटवर साडेनऊ-दहाला पोचते. तिथे स्वतःची गाडी उभी करून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. मग जिना. पहिल्या लेण्याच्या दाराशी पाय लागेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. उजेडात वेरूळ गाठायचं म्हणून चालक बाराला हाका मारू लागतो. तीस लेण्यांसाठी दीड तास उरतो आणि त्यातला बराचसा चपला काढण्या-घालण्यात जातो. वेरूळला पोचेपर्यंत चार वाजतात. कैलासाच्या अंगणात एक फेरी, दोन फोटो, की परतीचा प्रवास.

यापेक्षा सोपा मार्ग आहे. मुंबई, नाशिक किंवा विदर्भातून रेल्वेने येणाऱ्यांनी सरळ जळगावला उतरावं. तिथून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. दिवसभर अजिंठा बघून संध्याकाळी संभाजीनगरला मुक्कामाला जावं, दुसरा दिवस वेरूळला द्यावा आणि तिथूनच परत फिरावं. गेलेल्या रस्त्याने पुन्हा यावं लागत नाही. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून रविवार-सोमवार अशी जोडी असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. सोमवार-मंगळवार असेल तर क्रम उलटा: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. हे न बघता आखलेल्या सहली बंद दारावरून परत जातात.

अजिंठ्याचं दार नऊला उघडतं. मुक्काम फर्दापूरला किंवा जळगावला असेल तर पहिल्या बसमध्ये बसणं कठीण नाही. पुरातत्त्व खात्याचं तिकीट ऑनलाइन काढलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. बसचं तिकीट वेगळं असतं, त्यासाठी सुटे पैसे जवळ असावेत. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत, आणि मोज्यांचा एक जादा जोड घ्यावा. उन्हाळ्यात बाहेरचा दगड पोळतो आणि पावसाळ्यात ओला असतो. जिना न झेपणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. त्यांच्याशी जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा दर आधीच ठरवून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. उन्हातून आलेला माणूस पहिल्या लेण्यात शिरतो, त्याला काळोखाशिवाय काही दिसत नाही, तो मोबाइलचा टॉर्च लावतो, पहारेकरी ओरडतो, आणि ‘सगळं पुसलंय’ असं म्हणत माणूस बाहेर पडतो. चित्रं पुसली आहेत हे अर्धंच खरं आहे. डोळ्याला अंधार सरावायला निदान सात-आठ मिनिटं लागतात. लेण्याच्या ओसरीत आधी दोन मिनिटं उन्हाकडे पाठ करून उभं राहावं, मग आत जाऊन एका जागी थांबावं, मोबाइलचा पडदाही उघडू नये. पाचव्या मिनिटाला भिंतीतून चेहरे पुढे येऊ लागतात. जवळ दुर्बीण असावी, पण खिशातली चिमुकली नको. ८×४२ किंवा ७×५० अशी मोठ्या भिंगाची हवी, कारण इथे जवळ आणण्यापेक्षा उजेड गोळा करणं महत्त्वाचं आहे. छतावरची कमळं, हंस, फळं आणि खुजे गण तिच्यातूनच नीट दिसतात.

टॉर्च आणि फ्लॅश का नको, हे समजायचं तर भिंत कशी बनली ते माहीत हवं. इथली चित्रं दगडावर नाहीत, मातीवर आहेत. कारागिरांनी बेसॉल्टवर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवले, म्हणजे गिलावा धरून राहतो. त्यावर मातीत भाताचं तूस, गवताचे आणि झाडपाल्याचे तंतू, बारीक खडी कालवून पहिला जाड थर दिला. त्यावर बारीक मातीचा दुसरा आणि शेवटी चुन्याचा अगदी पातळ हात. तो कोरडा झाल्यावर गेरूने रेषा काढून डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग भरले. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची युरोपातली भित्तिचित्रांची पद्धत ही नव्हे. इथला रंग पृष्ठभागावर बसलेला आहे, म्हणून तो सुटतो. तांबडा आणि पिवळा म्हणजे गेरू आणि पिवळी माती, हिरवा म्हणजे इथल्याच खडकातली हिरवी माती, काळा म्हणजे काजळी. निळा तेवढा परका. तो लाजवर्द या निळ्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आलेला. दहाव्या लेण्यातल्या इसवी सनापूर्वीच्या जुन्या थरात हा निळा सापडत नाही, पाचव्या शतकातल्या पहिल्या-दुसऱ्या लेण्यात तो उठून दिसतो. दोन काळांतला व्यापाराचा फरक असा रंगावरून वाचता येतो.

तुसावर आणि तंतूंवर कसर पोसते. वटवाघळांच्या मुताने रंग जळतो. वरच्या खडकाच्या भेगांतून पावसाचं पाणी झिरपतं आणि गिलावा दगडापासून सुटून पोकळ होतो. त्यात माणसांच्या श्वासाची वाफ आणि पायांची धूळ यांची भर पडते. म्हणूनच चपला बाहेर, आणि म्हणूनच एका वेळी साधारण चाळीसच माणसांना आत सोडतात. दारावरचा पहारेकरी अडवतो तेव्हा तो अरेरावी करत नसतो, हे सहलीबरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगायला हवं. तुटलेल्या गिलाव्याच्या कडा मसाला भरून जागेवर धरून ठेवलेल्या आहेत. खांबाला किंवा भिंतीला पाठ टेकून फोटो काढला की त्या कडांवर भार येतो. खरवडलेली नावं तर आजही सलतात. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरून गेला. ते आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता. ते नाव ‘शोध लावल्याची खूण’ म्हणून कौतुकाने दाखवलं जातं, ते थांबावं. चित्रावर ओरखडा काढणं तेव्हाही नुकसानच होतं.

आणखी एक गोष्ट. १९२० ते १९२२ या वर्षांत हैदराबादच्या निजाम सरकारने लोरेन्झो सेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, हे मोठं काम झालं. पण चित्रांवर लाखेचा लेप दिला. त्याआधी नकला करणाऱ्यांनीही वार्निश लावलं होतं. हे लेप पुढे पिवळे-तपकिरी पडले. अजिंठ्याचा म्हणून आपण ओळखतो तो काळपट रंग बराचसा या लेपांचा आहे. लेप चकाकतो, त्यामुळे टॉर्च मारला की उजेड उलट डोळ्यांत येतो आणि चित्र आणखीच नाहीसं होतं. समोरून काही दिसेना, तर दोन पावलं बाजूला सरून तिरकं बघावं.

नकलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून मोठमोठे पट रंगवले. त्यातले बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेले. मग मुंबईच्या कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच जळाल्या. या नकला झाल्यानंतरही भिंतींवरचा काही भाग पडला आहे. म्हणजे त्या त्या तुकड्यापुरती मूळ प्रतही नाही आणि नक्कलही नाही.

कोणती लेणी बघावीत? तीसही लेण्यांत डोकावण्याचा हट्ट धरू नये. १, २, ९, १०, १६, १७, १९, २४, २६ ही नऊ पुरेशी आहेत. कालक्रमाने बघायचं तर सुरुवात दहापासून व्हायला हवी, कारण ९ आणि १० ही इसवी सनापूर्वीची आणि बाकीची बहुतेक पाचव्या शतकातल्या वाकाटक राजांच्या काळातली. पण सकाळी दहा वाजून गेले की पहिल्या लेण्यापुढे रांग लागते. म्हणून पहिल्या बसने आलेल्यांनी १ आणि २ आधी उरकून घेण्यात शहाणपण आहे.

पहिल्या लेण्यात सगळे सरळ गाभाऱ्याकडे जातात, डावीकडचा पद्मपाणी आणि उजवीकडचा वज्रपाणी हे दोन बोधिसत्त्व बघतात आणि वळतात. पद्मपाणी बघावाच. पण डावीकडच्या भिंतीवरचं महाजनक जातक सोडू नये. जातक म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मीची कथा. राज्य सोडू पाहणारा राजा, त्याला थांबवू पाहणारी राणी सीवली, नाचणारी नर्तकी आणि तिच्याभोवतीच्या वाद्यं वाजवणाऱ्या बायका. हे चित्र वाचताना नवखा माणूस हमखास चुकतो: चौकटी शोधतो. इथे चौकटी नाहीत. एकच राजा एकाच भिंतीवर पुनःपुन्हा येतो. प्रसंग बदलल्याची खूण म्हणजे मंडपाचा खांब, वेशीचं दार किंवा ठोकळे रचल्यासारखे दिसणारे खडक. कथा डावीकडून उजवीकडेच जाईल असंही नाही. पुष्कळदा एका जागी घडणारे प्रसंग एकत्र रंगवलेले असतात, राजवाड्यातले सगळे राजवाड्यात, रानातले सगळे रानात. आधी मुकुटावरून राजा ओळखावा, मग तो आणखी कुठे कुठे आहे ते शोधावं. भिंत आपोआप उलगडते.

सोळाव्या लेण्यातली एक चुकीची ओळख सुधारावी असं फार वाटतं. ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून दाखवतात ती स्त्री मरत नाहीये. ती नंदाची पत्नी सुंदरी. नंद हा बुद्धांचा धाकटा सावत्र भाऊ. त्याने भिक्षू होऊन उतरवलेला मुकुट घेऊन सेवक आला आहे आणि तो बघून ती कोसळली आहे. इंग्रज बघ्यांनी कथा माहीत नसताना दिलेलं नाव आपण मराठीत भाषांतर करून चालवतो आहोत. मुकुट हातात घेतलेला माणूस आधी शोधला की साऱ्या चित्राचा अर्थ लागतो. याच लेण्याच्या बाहेर, ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत लेख आहे. लेण्याच्या खिडक्या, दारं आणि चित्रवीथी यांचं वर्णन दात्याने स्वतःच करून ठेवलं आहे.

सतराव्यात सर्वांत जास्त चित्रं शिल्लक आहेत. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, हे सोडू नका. ओसरीच्या डाव्या टोकाला भवचक्राचा, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याच्या चित्राचा, तुकडा आहे, आत उजव्या भिंतीवर सिंहलावदान, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा, पसरलेलं आहे, आणि गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनात पत्नी यशोधरा आणि मुलगा राहुल यांच्यापुढे भिक्षापात्र घेऊन उभे असलेले बुद्ध. बुद्धांची आकृती मायलेकरांपेक्षा कितीतरी मोठी काढली आहे. प्रमाण चुकलेलं नाही. आई आणि मूल ज्या नजरेने वर बघतात, त्या नजरेचं ते माप आहे.

छद्दंत जातकाची कथा दहाव्या आणि सतराव्या, दोन्ही लेण्यांत आहे, आणि आमच्या मते अजिंठ्यातला हा सर्वांत मोठा धडा आहे. सहा सुळ्यांचा गजराज. मागच्या जन्मीचा राग मनात धरून काशीची राणी झालेली त्याची हत्तीण. तिने पाठवलेला व्याध. आणि आपले सुळे स्वतःहून देणारा हत्ती. ते सुळे पाहून राणी खचते. दहाव्या लेण्यात उजव्या भिंतीवर हे चित्र आहे, फार पुसट आणि काळवंडलेलं. तिथे दुर्बीण नसेल तर काही हाती लागत नाही. पण वडाच्या झाडाजवळचा हत्तींचा कळप आणि कोसळणारी राणी सापडली की थांबावं. मग सतराव्यात तीच कथा बघावी. मध्ये पाचशेहून अधिक वर्षं गेलेली आहेत. रेषा, रंग, कपडे, दागिने सगळं बदललं, पण हत्तीच्या अंगाचं वजन दोन्हीकडे तितकंच खरं आहे.

दहाव्या लेण्यात वर बघायलाही विसरू नये. मधल्या कमानदार छताला पूर्वी खऱ्या लाकडी फासळ्या होत्या. त्या गेल्या, त्यांच्या खुणा राहिल्या. एकोणिसाव्यात त्याच फासळ्या दगडात कोरलेल्या आहेत. त्या छताचा भार घेत नाहीत, नुसती सुतारकामाची आठवण आहे. दहाच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मीत कोरलंय की वासिठिपुत कटहादि याने ‘घरमुख’ दान दिलं. अख्खं लेणं नाही, फक्त दर्शनी भाग. एकेका दात्याने एकेक भाग देऊन लेणं उभं राहत असे, हे या एका शब्दावरून कळतं.

चोवीस अपुरं आहे, म्हणून लोक ते गाळतात. ते गाळू नये. खोदकाम कसं चाले ते तिथेच दिसतं. आधी छत पूर्ण करायचं, मग खाली खाली उतरत जायचं, खांबाच्या जागी दगडाचा ठोकळा सोडून द्यायचा. वरचं काम खालच्या न फोडलेल्या दगडावर उभं राहून होतं, परांची बांधावी लागत नाही. अर्धवट खांब आणि छिन्नीचे पट्टे तिथे ताजे वाटतात.

सव्वीस हे चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह. इथे स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेने चालावं. भाविकांची ती रीत आहेच, आणि शिल्पंही त्याच क्रमाने भेटतात. डावीकडच्या अरुंद बाजूने आत शिरलं की सुमारे सात मीटर लांबीचं महापरिनिर्वाण, म्हणजे बुद्धांच्या देहत्यागाचं शिल्प, समोर येतं: दोन शालवृक्षांच्या मध्ये पहुडलेले बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने उतरणारे देव. वरचा आणि खालचा भाव असा उलटा आहे, तो बघण्यासाठी तिथे खाली बसावं. त्याच भिंतीवर पुढे बुद्धांना ध्यानातून ढळवू पाहणाऱ्या माराचा हल्ला आहे. उजवीकडून शिरणाऱ्याला हे सगळं उलटं भेटतं. ही जागा अनेकांसाठी आजही वंदनेची आहे, तेव्हा पहुडलेल्या बुद्धांशेजारी आडवं होऊन फोटो काढणं कुठल्याच अर्थाने शोभत नाही.

शाळांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. पन्नास-साठ मुलांचा वर्ग एकदम आत जाऊ शकत नाही. वीस-वीसच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक. एक तुकडी आत असताना दुसरीने ओसरीतले खांब आणि शिलालेख बघावेत. सहलीच्या आधी वर्गात दोनच कथा सांगाव्यात, छद्दंत आणि महाजनक. ज्या मुलाला कथा माहीत असते ते भिंतीवर शोधतं, ज्याला माहीत नसते ते माकडं बघतं. डबा बसथांब्याजवळ खाऊन मगच वर जावं. पिशवीत खाऊ दिसला तर माकडं ती हिसकावतात.

वेरूळचं थोडक्यात. तिथली ३४ लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तोंडं पश्चिमेला, त्यामुळे खोल उजेड दुपारनंतर मिळतो. सकाळी जैन आणि बौद्ध लेणी करावीत, त्यांत ३२ वी इंद्रसभा, १२ वी तीन ताल आणि ‘सुताराचं झोपडं’ म्हणून ओळखलं जाणारं १० वं ही सोडू नयेत. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातला कैलास दुपारी तीननंतरसाठी ठेवावा. तोही आधी बाजूच्या वाटेने कड्यावर चढून वरून बघावा, मग आत शिरावं. वरून बघितल्याशिवाय हे देऊळ शिखरापासून पायाकडे कोरत आणलं आहे हे डोळ्यांना पटत नाही. कड्याच्या काठाजवळ मात्र लहान मुलांचा हात सोडू नये.

आपल्या पुरवणीत जागा मोजकी असते याची कल्पना आहे. निदान पुढच्या सुट्टीच्या अंकात एवढ्या तीन गोष्टी चौकटीत छापाव्यात: अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, दोन्हींना एकेक पूर्ण दिवस, आणि जळगावहून येऊन संभाजीनगरहून परतण्याचा मार्ग.

आपले,
लेण्यांचा अभ्यास करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर